लाल दोऱ्याचे कप

घरात नवी बादली आली तरी ती न्हाणीघरात जाण्याआधी तिच्यात किती तांबे पाणी मावतं यावर तास होतो, असं आमची ही आल्यागेल्याला सांगत असते. ही अतिशयोक्ती आहे. बादलीवर तास झाला होता तो एकदाच, आणि तोही वर्गातल्या मुलांनी विचारलं म्हणून. वर्ग म्हणजे आमची बाहेरची खोली. मी शाळेतून निवृत्त झालो तरी संध्याकाळी इमारतीतली मुलं माझ्याकडे जमतात, आणि समोर मुलं बसली की मला शिकवल्याशिवाय राहवत नाही. काहींना समोर ताट आलं की राहवत नाही, तसंच हे. पण नातीच्या रिसेप्शनमधल्या टेबलांचं जे काही झालं, त्याचं खापर ही अजून माझ्या या सवयीवर फोडते. आणि ते खापर नक्की कुठे फुटतं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

सुरुवात नातीने केली. एका रविवारी ती आली ती डेकोरेटरची चित्रांची चोपडी घेऊन. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, ती पसंत करून आणली होती. प्रत्येक पानावर टेबल, आणि टेबलाच्या मधोमध माणसाच्या उंचीची फुलदाणी. एका पानावर फुलदाणीऐवजी थर्माकोलचे दोन राजहंस होते. ते एकमेकांकडे असे बघत होते, की पाहुण्यांची तिथे गरजच वाटू नये.

"आजोबा," नात म्हणाली, "या फुलदाणीमागे बसलेला माणूस समोरच्याला दिसेल तरी का?"

मी पट्टी घेतली, चित्रातल्या खुर्चीची उंची मोजली आणि प्रमाण मांडून सांगितलं, की फक्त कपाळ दिसेल.

"तेच म्हणते मी. आधीच दोन्हीकडची माणसं एकमेकांशी बोलत नाहीत."

यात मात्र अतिशयोक्ती नव्हती. लग्न ठरवायला दोन्ही घरं माझ्या मुलाकडे जमली होती, तेव्हा एका भिंतीला ते, समोरच्या भिंतीला आम्ही आणि मधे चहाचं टेबल. तोंडी परीक्षाच जणू, फक्त परीक्षक कोण आणि विद्यार्थी कोण ते शेवटपर्यंत ठरलं नाही. नातीच्या होणाऱ्या सासूबाई हिशेब तपासणीच्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी बसल्याबसल्या आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मुलाने घड्याळ बदललं.

"मला त्यांची भीती वाटते हो, आजोबा."

"रागावतात का?"

"रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. काय चुकलं ते तरी कळलं असतं. त्या नुसत्या बघतात." ती चोपडीच्या पानाचा कोपरा दुमडत राहिली. "मला त्या घरात जायचंय. टेबलावर असं काहीतरी ठेवायचंय की लोक ते बघून एकमेकांशी दोन शब्द बोलतील. बुटकं, साधं, घरी केलेलं. तुम्ही कराल?"

आता एवढं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? आतून हिचा आवाज आला, "तुम्ही नाही म्हणा." पण तोवर मी हो म्हणून बसलो होतो.

मुलगा समजूतदार आहे. तो एवढंच म्हणाला, "बाबा, तुमचं होऊ द्या. मी डेकोरेटरला हातचा धरून ठेवतो. दोन दिवस आधी बघू, आणि मग ठरवू." हातचा धरून ठेवणं हे मीच त्याला वजाबाकीत शिकवलं होतं.

माझी कल्पना सोपी होती. मोहरी पेरायची. मोहरी स्वस्त, चटकन उगवते आणि तिच्या इवल्या पानांचा हिरवा गुच्छ दिसायला देखणा. पेरायची कशात, तर कपांत. जगात असं घर नाही, जिथे कान तुटलेला कप नाही. तो कोणी टाकत नाही, कोणी त्यातून पीत नाही. तो फडताळात मागे उभा असतो, शाळेत कायम शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलासारखा. अशा कपांना एकदा तरी पुढच्या बाकावर बसवावं, असं मला मनापासून वाटलं.

मुलांना कप गोळा करायला धाडलं, आणि तिथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. कप मागितले होते, पण येताना प्रत्येक कपाबरोबर एकेक सल्ला आला. दुसऱ्या मजल्यावरचे ओव्हरसियर स्वतः कप घेऊन आले. त्यांनी आयुष्यभर रस्ते आणि गटारं बांधली आहेत. त्यांनी कप उलटा करून पाहिला आणि विचारलं, "सर, निचऱ्याची काय सोय?"

"निचरा म्हणजे, मोहरीच आहे हो. चहाच्या कपातली."

"मोहरी असो की मैदान, पाणी जाणार कुठे? तळाला भोक पाडा. नाहीतर मागाहून माझ्याकडे यायचं नाही."

चिनी मातीच्या कपाला भोक पाडताना पहिले काही कप फुटले, तेव्हा मी तो सल्ला आदरपूर्वक बाजूला ठेवला. तळमजल्यावरच्या काकूंनी चांगला, कान असलेला कप पाठवला, आणि मागोमाग निरोप, की हा पाहुण्यांच्या संचातला आहे, परत हवा. मग चांगला कप पाठवला कशाला? तर म्हणे, "लग्नकार्यात तुटकं देणं बरं दिसत नाही." एका शिंपीणबाईंनी कपाऐवजी कपाची बशीच दिली. ती कशासाठी, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. आता मुलं गोल करून बसली, कपांत माती भरली आणि मोहरी टाकली. चार दिवसांत कोंब आले. आणि ते कोंब बघून माझ्या मनात एक विचार आला. हिच्या मते तो येऊ द्यायलाच नको होता.

विचार असा: मुलं एवढी रोज बघताहेत, तर नुसती रोपं काय वाढवायची? यातून त्यांना काही कळायला हवं. आणि तुलना केल्याशिवाय कळत नाही. वर्गात सगळ्यांना सारखेच मार्क दिले तर हुशार कोण हे जसं कळणार नाही, तसं सगळ्या रोपांना पाणी आणि उजेड दिला तर पाणी आणि उजेड काय करतात हे कसं कळणार? म्हणून मी कपांच्या तीन तुकड्या केल्या. पहिलीला हिरवा दोरा, तिला पाणी आणि उजेड दोन्ही. दुसरीला काळा दोरा, तिला पाणी मिळेल, पण मुक्काम अंधारात. तिसरीला लाल दोरा, तिला उजेड भरपूर, पण पाणी आजपासून बंद.

"म्हणजे लाल दोरेवाली मरणार?" शंकासुराने विचारलं. ही आमच्या वर्गातली दोन वेण्यांची मुलगी. तिचं खरं नाव तिच्या आईलाही आठवून सांगावं लागतं.

"मरणार नाहीत. मलूल होतील."

"का?"

"तेच तर बघायचंय."

"पण त्यांनी काय केलंय?"

याला विज्ञानात उत्तर नाही. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "पोरीने टेबलासाठी काहीतरी मागितलं. तुम्ही अर्ध्याहून जास्त झाडं उपाशीतापाशी ठेवणार. लग्नात मलूल मोहरी कोणापुढे मांडायची?"

"टेबलावर फक्त हिरव्या दोऱ्याचे जातील," मी म्हटलं. "बाकीचे वर्गासाठी."

गणित बरोबर होतं. हिरव्या दोऱ्याचे कप टेबलांना पुरेसे होते. माझ्या गणितात चूक नव्हती, हे मी इथे ठासून सांगतो.

आमच्या घरात एवढी जागा नव्हती. म्हणून हिरव्या दोऱ्याचे सगळे कप जिन्याच्या मोठ्या खिडकीत ठेवले, तिथे ऊन चांगलं येतं. काळ्या दोऱ्याचे कप मुलांनी आपापल्या घरी कपाटात, पलंगाखाली, चपलांच्या खणात ठेवले. लाल दोऱ्याचे कप घरोघरी एकेका खिडकीत गेले. प्रत्येक घरी मी जातीने जाऊन बजावलं, "याला पाणी घालायचं नाही. कितीही वाटलं तरी." सगळ्यांनी मान हलवली. काकूंनी तर कपाळावर हात मारून घेतला, "सर, मला काय करायचंय पाणी घालून! माझंच पाणी भरून होत नाही." एकच लाल दोऱ्याचा कप मी माझ्याजवळ ठेवला, पुस्तकांच्या कपाटावर. तो नातीचा लहानपणचा दुधाचा कप होता. त्यावरचं बदक पुसट झालं होतं, चोच तेवढी शिल्लक होती.

यानंतर जे घडलं त्याने मी पुरता चक्रावून गेलो.

मुलांना मी शिकवलं होतं, की आधी पाहायचं, मग सांगायचं, आणि मगच अनुमान काढायचं. म्हणून आठवडाभराने सगळे कप बाहेरच्या खोलीत आणून ओळीने मांडले. पहिली तुकडी, जिला सगळं काही मिळालं होतं, ती गेलेली होती. कपांत चिखल, चिखलावर पांढरी बुरशी आणि बुरशीत माना टाकलेली रोपं. वास असा, की ही खिडकी उघडायला धावली. तिसरी तुकडी, जिला पाणीच नव्हतं, ती टवटवीत, घनदाट, टेबलावर ठेवली तर डेकोरेटरने पाय धरावेत अशी. आणि दुसरी तुकडी उंच, पिवळीजर्द, सोन्याच्या तारांसारखी. ती एका बाजूला अशी झुकलेली की जणू सगळ्याजणी कोणाच्या तरी खिडकीत डोकावताहेत.

रेडिओ नावाचा मुलगा आमच्याकडे येतो. तो एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण नाही. तोही गप्प झाला.

शंकासुर म्हणाली, "सर, म्हणजे पाणी दिलं की झाडं मरतात?"

"नाही."

"पण मेलीत."

"मेलीत, हे खरं आहे."

"आणि पाणी नाही दिलं की वाढतात?"

मी चष्मा पुसला. चष्मा पुसण्याने शिक्षकाला विचार करायला वेळ मिळतो, आणि मुलांना वाटतं की सरांना उत्तर माहीत आहे. मला उत्तर माहीत नव्हतं. दोरे उलटे बांधले का? पण दोरे मी स्वतः बांधले होते. मोहरी वेगळी निघाली का? सगळी एकाच पुडीतली. मग जिन्यातल्या उन्हात काही दोष? मी कपाटातून माझीच जुनी पाठ्यपुस्तकं काढली. त्यात रोपाला पाणी, हवा आणि उजेड लागतो असंच छापलं होतं, आणि मी ते कित्येक पिढ्यांना शिकवलं होतं. त्या पिढ्या आता शहाण्या नोकऱ्यांत आहेत. त्यांच्यापैकी कोणी येऊन जाब विचारला तर काय सांगायचं, या विचाराने मला जेवण गेलं नाही.

माझ्या कपाटावरच्या बदकाच्या कपाने तेवढी माझी लाज राखली. तो पुस्तकाप्रमाणे वागत होता. त्याला पाणी नव्हतं, आणि तो मलूल होता. माना खाली, पानं कोमेजलेली. पाण्याच्या बाबतीत सगळ्या इमारतीत शास्त्राला धरून असलेला तो एकच कप. त्या दिवशी दुपारी मी डुलकीतून उठलो, तर ही फुलपात्र घेऊन स्टुलावर चढलेली.

"काय करतेस?"

"जाळी झाडतेय."

"फुलपात्राने?"

ती खाली उतरली. म्हणाली, "दगडाचं काळीज आहे तुमचं. पोरीचा कप आहे तो."

"एवढा एक तरी राहू दे गं. बाकी सगळ्यांनी मला खोटं पाडलंय."

ठरल्याप्रमाणे रिसेप्शनच्या दोन दिवस आधी मुलगा डेकोरेटरला घेऊन हजर. डेकोरेटर तरतरीत माणूस, खिशाला तीन पेनं. त्याने खोलीभर पसरलेले कप पाहिले, नाकाला रुमाल लावला आणि अदबीने विचारलं, "काका, हे काय आहे?"

"प्रयोग आहे."

"असं होय," तो म्हणाला, आणि मुलाच्या कानाशी लागला, "साहेब, राजहंस अजून शिल्लक आहेत."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हेच मला जास्त लागलं. लहानपणी तो गणितात नापास झाला तेव्हा मी त्याच्याकडे अशाच नजरेने पाहिलं असणार.

पण मागोमाग नात आली. तिने चप्पलही काढली नाही. आधी हिरवी तुकडी पाहिली, मग पिवळी, मग लाल दोऱ्याची. मग कपाटावरचं बदक दिसलं. तिने तो कप खाली घेतला, त्यातल्या मलूल मोहरीकडे पाहिलं आणि विचारलं, "याला काय झालं?"

मी सांगितलं. तुकड्यांपासून बुरशीपर्यंत सगळं सांगितलं. आणि शेवटी, गळ्याशी आलं होतं म्हणून म्हटलं, "मला कळत नाहीये गं, हे असं का झालं ते."

ती हसायला लागली. आधी हळू, मग खुर्ची धरून. "बाबा," ती मुलाला म्हणाली, "राजहंस नकोत. हेच लावायचं, तिन्ही तुकड्या, प्रत्येक टेबलावर तीन-तीन."

"कुजलेलीसुद्धा?"

"बुरशी वरवर काढा. पण हो, तीही."

मुलाने एक कुजलेला कप उचलून नाकापासून लांब धरला. मग म्हणाला, "हॉलवाल्याला विचारावं लागेल."

आणि म्हणून मी, एका हातात कप आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन, हॉलच्या व्यवस्थापकाच्या खोलीत गेलो. ही खोली हॉलच्या जिन्याखाली. भिंतीवर नियमांची पाटी इतकी मोठी, की खाली टेबल कसंबसं मावलं होतं. व्यवस्थापकांनी कप हातात न घेताच विचारलं, "हे खातात का?"

मी सवयीने खरं ते सांगितलं, "कोवळं असताना खाता येतं."

"मग चालणार नाही. बाहेरचे खाद्यपदार्थ." त्यांनी पाटीकडे बोट केलं.

"खायचं नाहीये हो. नुसतं टेबलावर ठेवायचं."

"म्हणजे सजावट. बाहेरची सजावट फक्त आमच्या यादीतल्या डेकोरेटरकडून." दुसरी ओळ.

"तशी सजावट नाही म्हणता येणार."

त्यांनी आता कप जवळून पाहिला. तो हिरव्या तुकडीतला होता, गडबडीत तोच हाती आला होता. "नाही, याला सजावट नाहीच म्हणता येणार," ते मान्य करत म्हणाले. माझ्या बाजूने निकाल लागत होता, तरी तो ऐकताना मला अपमान झाल्यासारखं का वाटलं कोण जाणे. "मग झाड आहे. कुंड्या आणायला मनाई." तिसरी ओळ.

"कुंडी नाही, कप आहे."

"कप म्हणजे भांडीकुंडी. भांडी आमचीच वापरावी लागतात." चौथी.

मी खुर्चीत बसलो. मला कोणी बसायला सांगितलं नव्हतं. "अहो," मी म्हणालो, "हा मुलांचा प्रयोग आहे. एकाला पाणी दिलं, एकाला नाही, एकाला अंधारात ठेवलं. काय होतं ते बघायचं, एवढंच."

व्यवस्थापकांचा चेहरा उजळला. "प्रदर्शन! तसं आधी सांगायचं ना, सर! शैक्षणिक प्रदर्शनाला परवानगी आहे. आमच्या विश्वस्तांना फार कौतुक." त्यांनी पाटीचा तळ दाखवला. "फक्त अट अशी, की प्रत्येक मांडणीपाशी माहितीची पाटी हवी, आणि माहिती सांगायला एक माणूस."

मी गेलो होतो टेबलावर कप ठेवायची परवानगी मागायला, आणि बाहेर पडलो ते लग्नाच्या रिसेप्शनमध्ये विज्ञान प्रदर्शन भरवायची जबाबदारी घेऊन. ही हे ऐकून नुसती भिंतीला टेकली.

रिसेप्शनच्या संध्याकाळी इमारतीतली सगळी मुलं इस्त्रीच्या कपड्यांत, केस चपचपीत बसवून, एकेका टेबलापाशी उभी. प्रत्येक टेबलावर तीन कप आणि पुठ्ठ्याची पाटी: ‘पाणी आणि उजेड’, ‘पाणी, उजेड नाही’, ‘उजेड, पाणी नाही’. मी कोपऱ्यात उभा राहून घाम पुसत होतो. पाहुणे येऊ लागले, आणि ठरल्याप्रमाणे, म्हणजे कोणी न ठरवता, मुलाकडचे हॉलच्या डावीकडे आणि मुलीकडचे उजवीकडे बसायला निघाले. पण कॅटररच्या माणसांनी खुर्च्या कशाही मांडल्या होत्या, त्यामुळे टेबलांवर सरमिसळ झाली. सरमिसळ झाली आणि लगेच शांतता पसरली. माणसं हातरुमाल बघत बसली. नातीने व्यासपीठावरून माझ्याकडे पाहिलं. चेहरा हसरा होता, पण ती घाबरली होती.

मग एका टेबलावरचे गृहस्थ, मुलाकडचे कोणी काका असावेत, पाटी वाचत म्हणाले, "पाट्या चुकल्यात."

"चुकल्या नाहीत," रेडिओ म्हणाला, आणि सुरू झाला.

त्यांच्या शेजारी आमचे ओव्हरसियर. "चुकल्या कशा असतील? निचरा नाही. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"निचऱ्याचा काय संबंध? पाणी न दिलेलं वाढलंच कसं, ते बोला."

"दवामुळे असेल."

"घरात दव?"

पलीकडच्या टेबलावर वाद मातीवर गेला, त्याच्या पलीकडे मोहरीच्या जातींवर. काका खुर्ची ओढून ओव्हरसियरांच्या जवळ सरकले. कोणी चमच्याने माती उकरून पाहिली. एक बाई शंकासुराला म्हणाल्या, "मुली, खरं सांग, कोणी चोरून पाणी घातलं?"

"कोणी नाही घातलं. सरांनी सगळ्यांना बजावलं होतं."

तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकूंनी तोंडाला पदर लावला. "अगं," त्या म्हणाल्या, "मी घालायचे थोडंसं. सकाळी तोंडदेखलं. बघवायचं नाही."

"तुम्हीसुद्धा?" शिंपीणबाई उठल्या. "मला वाटलं मी एकटीच."

मग एकेक कबुली येऊ लागली. लाल दोऱ्याचा कप ज्या ज्या घरी गेला, तिथे तिथे कोणीतरी एकजण गुपचूप पाणी घालत होता. कुठे आजी, कुठे बाप. एका घरात तर मोलकरीण घालत होती आणि मालकीण तिला रागावून मागून स्वतः घालत होती. आणि जिन्यातल्या हिरव्या दोऱ्याच्या कपांना? त्यांना जिन्याने जाणारा-येणारा प्रत्येक माणूस घालत होता, कारण त्यांना घालायला परवानगी होती. ओव्हरसियरांनी मान खाली घातली. "कामावरून येताना बाटलीत उरलेलं," ते पुटपुटले, "मीही ओतायचो." सगळं टेबल हसत सुटलं. पाहुणे काका टेबलावर थाप मारून म्हणाले, "निचरा!"

मी हे सगळं ऐकत भिंतीशी उभा. इतके दिवस ज्या विज्ञानाला मी उराशी धरून काळजी करत होतो, ते शाबूत होतं. फक्त माझी इमारत त्यात बसत नव्हती. मला आनंद व्हावा की राग यावा, हे ठरेना.

आता घरच्या मंडळींचं टेबल. त्यावर नातीने हट्टाने बदकाचा कप ठेवला होता. लाल दोऱ्यातला शास्त्राप्रमाणे वागलेला तो एकमेव कप, म्हणून तो आता हॉलमधला सगळ्यात केविलवाणा दिसत होता. सासूबाई त्याच्या समोर बसल्या होत्या. नवरा-नवरी व्यासपीठावर, व्याही पाहुण्यांत, मुलगा कॅटररकडे. टेबलाशी त्या एकट्याच, आणि पाठीमागे माहिती सांगायला शंकासुर. त्यांनी पाटी वाचली. कप फिरवून बदकाची चोच पाहिली.

"हा कोणाचा कप?" त्यांनी विचारलं.

"नवरीचा. लहानपणचा. दुधाचा."

"आणि याला पाणी?"

"याला खरंच नाही दिलं. सर पहारा देत होते."

सासूबाई कपाकडे बघत राहिल्या. तीच ती नजर, घड्याळावरची. मी पाहिलं, व्यासपीठावरून नातही पाहत होती, आणि फोटोग्राफर तिला "इकडे बघा" म्हणून विनवत होता. सासूबाईंनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. मग समोरचा पाण्याचा पेला उचलला, ओठांपर्यंत नेला, आणि वाटेत हात वळवून निम्मा पेला कपात रिकामा केला.

"सर!" शंकासुराची किंकाळी हॉलभर गेली. "यांनी पाणी घातलं! प्रयोग बिघडला!"

सगळ्या माना तिकडे वळल्या. हिशेब तपासणीच्या खात्यातल्या मोठ्या बाई, हातात पेला, चेहरा लालबुंद, रंगेहाथ. त्या उठून उभ्या राहिल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजोबा, माफ करा. मला नियम कळला होता. पण... बघवेना हो."

तिकडे व्यासपीठावर नात हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. फोटोग्राफरने नेमका तोच फोटो काढला. तो अजून मुलाच्या घरी भिंतीवर आहे, नव्या घड्याळाच्या शेजारी. नातीने भारी कपडे सावरत खाली येऊन सासूबाईंच्या हातातला पेला घेतला. "थोडं उरलंय," म्हणाली, आणि उरलेलंही ओतलं. मग दोघी मोहरीसमोर अशा उभ्या राहिल्या, की जणू आता ती ताबडतोब उठून बसेल.

शंकासुर माझा सदरा ओढत होती. "सर, आता अनुमान काय?"

मी चष्मा पुसायला घेतला.

बदकाचा कप नातीबरोबर सासरी गेला. महिना झाला नसेल, तिचा फोन आला.

"आजोबा, मोहरी गेली हो."

"पुन्हा मलूल झाली?"

"छे! कुजली. सकाळी आई घालतात पाणी. दुपारी बाबा. संध्याकाळी हा. रात्री मी. कोणी कोणाला सांगत नाही." पलीकडून कोणाचं तरी हसणं ऐकू आलं. "आई विचारताहेत, आता काय करायचं?"

मी ओव्हरसियरांना मनातल्या मनात नमस्कार केला आणि म्हटलं, "त्यांना म्हणावं, आणखी मोहरी टाका. आणि या खेपेला तळाला भोक पाडा."